एका पेठेची मृत्यूची वही, १९०८ ते १९२० : कामाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

कुणबी नोंदी शोधायला २०२३ पासून राज्यभरची जुनी दप्तरं उघडली गेली. त्या निमित्ताने जन्म-मृत्यूच्या वह्यांवरची धूळही झटकली गेली. जो तो त्यात जातीचा रकाना बघतो. त्याच्या शेजारी वयाचा रकाना असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आम्हाला तोच वाचायचा आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक पेठ घेतली आहे. हातमागवाले आणि गिरणी कामगार यांची मिसळलेली वस्ती. १९०८ ते १९२० या काळात तिथे कोणत्या वयाची माणसं कोणत्या महिन्यात गेली, त्यात बायका किती, पुरुष किती, एवढाच प्रश्न. काळ मुद्दाम असा निवडला की त्यात प्लेगची वर्षं येतात, १९११ ची जनगणना येते आणि १९१८ चा इन्फ्लुएंझाही येतो.

माणसं तीन. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, मोडी वाचणारे एक निवृत्त काका आहेत आणि माझी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी. आपापल्या गावच्या वहीवर कुणाला असं काम करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवतोय.

परवानगीबद्दल एकच सांगतो. अर्जातच लिहून द्या की कुणाचं नाव किंवा जात बाहेर जाणार नाही, फक्त वय, लिंग, तारीख आणि कारण घेणार. त्या एका ओळीनंतर आमचा अर्ज हलला.

१० नोव्हेंबर

फोटो काढणं सुरू. स्कॅनर घेऊन गेलो होतो तो तसाच परत आणला. वही उलटी करून काचेवर दाबली की शिवण सुटते, आणि कसर लागलेली पानं कडेने भुगा होऊन पडतात. आता मोबाईल उभ्या स्टँडवर, वही खाली पाटावर, उजेड खिडकीचा. स्टँड १,२०० रुपये. एलईडीचे दिवे १,८०० रुपयांचे घेतले ते वाया गेले. शाई उडून तपकिरी झालेली आहे, वरून झगझगीत उजेड पडला की अक्षर दिसेनासंच होतं.

हातमोजेही काढून ठेवले. सुती मोज्यात पानाची कड अडकते आणि फाटते. हात साबणाने धुऊन कोरडे केले की पुरे.

प्रत्येक फोटोत वहीचा नंबर आणि पानाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पुढे मूळ पान पुन्हा बघावं लागतंच.

२४ नोव्हेंबर

रकाने छापील, मजकूर मोडी. तारीख, नाव, लिंग, जात, वय, मृत्यूचं कारण. पुरुष ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा), लग्न झालेली बाई ‘अमुक कोम तमुक’ (तमुकची बायको). लहान बाळाला बहुधा नावच नाही, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि पुढे बापाचं नाव.

एका पानावरचा वयाचा रकाना वरून खाली असा आहे : ३०, ६०, १॥, ४०, ८ दि, २५, ५०, ३ म, ३०, ६०. आणि कारणं : ताप, ताप, हगवण, ताप, आकडी, बाळंतपण, खोकला, ताप, ताप, म्हातारपण.

सरकारी तक्त्यात तेव्हा मृत्यूची मोजकी खाती असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि बाकी सगळं. त्यात ‘ताप’ हे सगळ्यात मोठं खातं. हिवताप त्यात, विषमज्वर त्यात, नवजात बाळाचा जंतुदोष त्यात, आणि पुढे १९१८ ची साथही त्यातच. काका म्हणाले, “ताप लिहिलं म्हणजे समजायचं, कारकुनाला दुसरं काही सुचलं नाही.” त्यामुळे कारणांवर भिस्त ठेवायची नाही असं ठरलं. प्लेग, देवी आणि बाळंतपण हे तीन शब्द स्पष्ट असतील तेवढेच घ्यायचे. उरलेलं काम वय आणि महिना यांच्यावर.

२२ डिसेंबर

अख्खा डिसेंबर एका दांडीने खाल्ला.

काका मोडीवरून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, जसंच्या तसं उतरवून देतात, पानाला ४० रुपये. ते कागद एका टायपिंगवाल्याकडे दिले, पानाला १५ रुपये. पहिल्या दोन वह्या एक्सेलमध्ये आल्या म्हणून वयाचा आलेख काढला, तर ११ वर आणि २१ वर उंचवटे. विद्यार्थिनी खूश झाली, तिला वाटलं गिरणीत नव्याने लागलेल्या पोरांचे मृत्यू सापडले.

मला दोन गोष्टी खटकल्या. साधारणपणे दहा ते चौदा या वयात माणसं सगळ्यात कमी मरतात. बाळपणाचे आजार मागे पडलेले असतात आणि तरुणपणाचे अजून आलेले नसतात. दुसरं म्हणजे जिथे वय अंदाजाने सांगतात तिथे लोक वीस म्हणतात. एकवीसची रास वीसपेक्षा उंच असूच शकत नाही.

फोटो उघडले. तिथे ‘२।’ होतं. सव्वादोन. जुन्या लिखाणात एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. काकांनी ते इमानदारीने तसंच उतरवलं होतं आणि टायपिंगमध्ये दांडीचा एकडा झाला. सव्वा वर्षाची पोरं अकरा वर्षांची झाली, सव्वादोनची एकवीसची. ‘१॥’ म्हणजे दीड, त्याचं १११ झालं. ते आलेखात का दिसलं नाही म्हणून टायपिंगच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, “सर, एकशे अकरा वय कुणाचं असतंय ओ? म्हणून एक एकडा काढून टाकलो.” त्याचं तरी काय चुकलं!

नुकसान साधं नव्हतं. सव्वा, दीड, अडीच ही नेमकी अंगावरचं दूध तुटण्याची आणि वरचं खाणं-पाणी सुरू होण्याची वयं. हगवणीने मुलं जातात ती याच वयात. त्यांचा सगळा ढीग उचलून शाळकरी आणि तरुण वयात जाऊन बसला होता.

केलेले बदल असे. वयाला एक रकाना नाही, तीन : वर्षं, महिने, दिवस. सव्वादोन असेल तर २ आणि ३. काकांनी दांडी उतरवायची नाही, तोंडाने म्हणतो तसं अक्षरात लिहायचं, ‘सव्वादोन’. ‘दि’ आणि ‘म’ यांना लाल शाई, कारण ‘८ दि’ मधला दि सुटला की आठ दिवसांचं बाळ आठ वर्षांचं होतं. शंभरच्या आतलं पण शेवटी एकडा असलेलं प्रत्येक वय फोटोवरून पुन्हा तपासलं. दोन्ही वह्या नव्याने टाइप केल्या, त्याचे पैसे पुन्हा दिले.

एक्सेलच्या दोन खोड्याही इथेच लिहून ठेवतो. ‘३-४’ म्हणजे तीन वर्षं चार महिने. इंग्रजी आकड्यात टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि मूळ आकडा जातो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. आणि देवनागरी आकडे टाकले तर ते दिसतात आकडे, पण बेरीज शून्य येते.

१६ जानेवारी २०२५

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. काकांच्या घरी पाहुणे, विद्यार्थिनी यात्रेत, काम बंद.

२ फेब्रुवारी

मोठ्यांच्या वयाकडे वळलो. तीस, चाळीस, पन्नास, साठ यांचे मनोरे आणि मधे मोकळं मैदान. हे अपेक्षितच होतं, तेव्हाच्या जनगणनेतही हेच दिसतं. वयाची ही गोलाई मोजायला व्हिपल यांचा निर्देशांक वापरतात : २३ ते ६२ या वयांत ज्यांच्या शेवटी ० किंवा ५ आहे ती माणसं मोजायची, त्यांना ५ ने गुणायचं, त्या वयांतल्या एकूण माणसांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. लोक खरं वय सांगत असतील तर १०० येतो, सगळेच गोल सांगत असतील तर ५००. आमच्या वहीचा आकडा शंभरच्या जवळपाससुद्धा फिरकत नाही, आणि बायकांचा पुरुषांहून वर आहे.

त्याचं कारणही वहीतच आहे. मेलेला माणूस स्वतःचं वय सांगायला येत नाही. भाऊ येतो, शेजारी येतो, गिरणीच्या चाळीत एका खोलीत राहणारा गाववाला येतो. बाईचं वय तिचा दीर सांगतो. तो तिच्याकडे बघून ‘असेल तीस’ म्हणतो.

यावर इलाज एकच, गट रुंद करायचे. नेहमीचे २०–२४, २५–२९ असे पाच-पाच वर्षांचे गट टाकून दिले. आता १५–२४, २५–३४, ३५–४४, ४५–५४ असे गट आहेत, म्हणजे वीस, तीस, चाळीस आणि पन्नास हे मनोरे गटाच्या मधोमध येतात आणि पाच-पाच वर्षांच्या चुकीने माणूस सहसा गटाबाहेर जात नाही. ५५ च्या पुढे सगळे एकत्र. साठ, सत्तर, ऐंशी यांत फरक करण्याइतका जीव या आकड्यांत नाही. लहानांचे गट मात्र बारीक ठेवलेत : पहिले बारा दिवस, महिन्याच्या आत, वर्षाच्या आत, १–४, ५–१४.

१६ फेब्रुवारी

भागायचं कशाने, या प्रश्नावर गाडी अडली.

हजारी मृत्यू काढायचे तर पेठेत त्या वयाची जिवंत माणसं किती होती ते हवं. शहराची लोकसंख्या १९०१ ला ७५,२८८. १९११ ला ती ६१ हजारांवर आलेली दिसते, आणि १९२१ ला एकदम १ लाख १९ हजार. १९११ ची जनगणना १० मार्चच्या रात्री झाली. तेव्हा सोलापुरात प्लेग होता आणि लोक घरं सोडून बाहेर गेले होते. म्हणजे तो आकडा शहराचा नाही, त्या रात्री शहरात उरलेल्यांचा आहे. त्याच्यापासून १९२१ पर्यंत सरळ रेघ ओढून मधल्या वर्षांची लोकसंख्या काढली तर शहर दहा वर्षांत दुप्पट झालं असं निघतं. विद्यार्थिनीने ती रेघ ओढून बघितली. सुरुवातीच्या वर्षांचे मृत्युदर आभाळाला टेकले.

प्लेगचा दुसरा घोळ वहीच्या आत आहे. प्लेग थंडीत वाढायचा आणि कडक ऊन सुरू झालं की ओसरायचा, कारण उंदरावरच्या पिसवा कोरड्या उष्णतेत टिकत नाहीत. साथीच्या ऐन भरात आमच्या पेठेतल्या नोंदी मात्र कमी होतात. घाबरून एकदा वाटलं की पानं हरवलीत. पानांचे नंबर बघितले, सगळी जागच्या जागी. माणसं माळावर झोपड्या बांधून राहिलेली, मेली ती तिथे मेली, आणि पेठेच्या वहीत ती येण्याचं कारण नव्हतं. कमी नोंदी म्हणजे कमी मृत्यू, असं प्लेगच्या महिन्यांत अजिबात धरायचं नाही.

तिसरं, गिरणीची वस्ती. पंधरा ते पस्तीसचे पुरुष बाहेरून आलेले, संख्येने जास्त, म्हणून त्यांचे मृत्यूही जास्त दिसणार. आणि म्हातारा किंवा क्षयाने खंगलेला कामगार मरायला गावी परत जातो. वही बघून कुणी म्हणेल सोलापुरात म्हातारे मरतच नव्हते.

म्हणून ठरवलं : हजारी दर काढायचाच नाही. मृत्यू मृत्यूशीच ताडून बघायचे. एखाद्या महिन्यातल्या मृत्यूंत कोणत्या वयाचा वाटा किती, आणि आधीच्या वर्षांत त्याच महिन्यात तो किती होता. पेठ तीच आणि वस्तीचा घाटही तोच, म्हणून तरुण जास्त असण्याची चूक दोन्हीकडे सारखी राहते. विद्यार्थिनी नाराज आहे. “सर, रेट नसेल तर पेपर कोण छापणार?” न छापू देत. चुकीच्या छेदाने काढलेला दर छापण्यापेक्षा ते बरं.

९ मार्च

बाळं. सगळ्यात जास्त पानं यांचीच.

‘मुलगा’, ‘मुलगी’ अशा बिननावाच्या नोंदींनी एक मदत केली. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे नाव नसलेलं बाळ बहुतेक त्याआधी गेलेलं. जिथे वयही लिहिलंय आणि नावही नाही तिथे ताडून पाहिलं, बऱ्यापैकी जुळतं. मात्र मुलींच्या बाबतीत कारकून काही महिन्यांच्या मुलीलाही नाव लिहीत नाही, त्यामुळे वय नसलेल्या मुलींसाठी हा आडाखा वापरलेला नाही.

दिवसांचे आकडे मांडले तर पाचवी पुजायच्या सुमारापासून दहाव्या दिवसापर्यंत दाटी आहे, आणि कारण ‘आकडी’ किंवा ‘झटके’. हा धनुर्वात. गंजक्या विळ्याने नाळ कापली, वर राख किंवा माती लावली की तिसऱ्या दिवसापासून पुढे दोन आठवड्यांत तो दिसतो. कारणांवर भिस्त नाही म्हणालो होतो, पण इथे वय आणि कारण दोघं एकच सांगतात म्हणून हे मान्य केलं.

मग वर्षाच्या आत गेलेल्या प्रत्येक बाळाचा जन्म त्याच पेठेच्या जन्माच्या वहीत शोधायला घेतला. पहिल्या फेरीत फारच थोडी सापडली, कारण नावं. पेठेत तेलुगू बोलणारी घरं जास्त आणि कारकून मराठी. एकच बाप कुठे ‘नरसय्या’, कुठे ‘नर्सया’, कुठे नुसता ‘नरसू’. विद्यार्थिनीच्या शेजारच्या एका पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) अव्वांना, म्हणजे आजींना, तीन संध्याकाळी बसवलं. त्यांनी कुठलं नाव कुठल्या नावाचं लाडकं रूप आहे त्याची यादी करून दिली. पैसे घेतले नाहीत, चहाही त्यांनीच पाजला. त्या यादीने दुसरी फेरी केली.

तरीही बरीच बाळं जन्माच्या वहीत नाहीतच. याला दोन कारणं संभवतात. एक, जन्म इथेच झाला पण कुणी नोंदवला नाही. दोन, जन्म दुसरीकडे झाला. हे वेगळं करायला वय कामी आलं. नोंदवायचा आळस हे कारण असेल तर ज्या बाळाचं आयुष्य चार दिवसांचं त्याचा जन्म जास्त करून राहून जाईल, आणि जे आठ महिने जगलं त्याचा बहुधा सापडेल. आमच्याकडे उलटं आहे. तीन महिन्यांच्या पुढची बाळं जास्त बेपत्ता आहेत. बाळंतपणाला बाई माहेरी जाते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळ घेऊन सासरी येते. जन्म लागला माहेरच्या गावाला, मृत्यू लागला सोलापूरला.

म्हणजे बालमृत्युदरही गेला. वहीतले बालमृत्यू भागिले वहीतले जन्म केलं तर भयंकर आकडा येतो आणि तो खोटा असतो. मुंबईचं उदाहरण आहेच. १९२१ चा तिथला बालमृत्युदर हजारी साडेसहाशेच्या वर छापला गेलेला आहे. चाळीतल्या एका खोलीत बाळं मरत होती यात शंका नाही, पण तीनातली दोन बाळं वर्षाच्या आत जात असती तर चाळी ओस पडल्या असत्या. जन्माची अपुरी नोंद आणि गावाहून आईबरोबर आलेली बाळं यांनी तो आकडा फुगला.

३० मार्च

१९१८. काकांना एका बैठकीत दोन पानांपेक्षा जास्त वाचवेना, डोळ्यांमुळे नव्हे.

इन्फ्लुएंझा मुंबईत जूनमध्ये आला, तेव्हा सौम्य होता. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट मारक. आमच्या वहीत जून-जुलैत काही दिसत नाही. ऑक्टोबर उघडला की पानंच्या पानं. कारण सगळीकडे ‘ताप’. एकाच ठिकाणी ‘मानमोडी’ लिहिलंय. काका म्हणाले, आमची आजी हाच शब्द वापरायची.

दर आठवड्याचा आलेख काढायचा होता, तो सोडला. ऑक्टोबरच्या मध्यावर अक्षर बदलतं, चार-पाच दिवस एकही नोंद नाही, आणि मग एकाच तारखेला ओळीने तीन पानं. नोंद करणारा आजारी पडला असेल किंवा गेला असेल. बदली माणसाने तुंबलेलं एकदम चढवलं. त्यामुळे महिना हेच सगळ्यात लहान माप.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ हे १९१४ ते १९१७ च्या त्याच महिन्यांशी ताडले. एरवी या वहीत मृत्यूंचं वजन दोन टोकांना असतं, पाच वर्षांच्या आत आणि पंचावन्नच्या पुढे. या दोन महिन्यांत मधला भाग वर येतो, १५–२४ आणि २५–३४. म्हातारे मेले नाहीत असं नाही, पण नेहमीच्या मानाने त्यांचा वाटा खाली गेला. आणि तरुणांत बायकांचा वाटा पुरुषांपेक्षा जास्त वाढला. मुंबई इलाख्यात एकूणच वीस ते चाळीसच्या वयात आणि बायकांत ही साथ जास्त मारक ठरली हे जाणकारांना माहीत आहे. गिरणीमुळे तरुण पुरुषांची गर्दी असलेल्या पेठेतही बायका पुढे निघाव्यात, हे मात्र आम्हाला अपेक्षित नव्हतं.

एका घराच्या नोंदी लागोपाठ आहेत. आधी ‘कोम’ने सुरू होणारी, वय २५. दोन दिवसांनी त्याच बापाचा ‘मुलगा, ३ म’. दहा ओळी खाली तो बाप, वय ३०. त्या घरातलं पुढे या वहीत काही नाही.

वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू डिसेंबरमध्येही उतरत नाहीत, तरुणांचे उतरल्यावरसुद्धा. अंगावर पिणारं बाळ आणि आई नाही, हे कारण उघड वाटतं. पण १९१८ ला पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं. या वहीवरून त्या दोघांची फारकत करता येत नाही, म्हणून करणार नाही.

१३ एप्रिल

बेचाळीसचं ऊन. दप्तरखान्यात दुपारी बसणं अशक्य, सकाळीच जाऊन येतो.

आतापर्यंतचा खर्च : काकांचं मानधन १९,२०० (ते घ्यायला तयार नव्हते, द्यावंच), टायपिंग दोनदा धरून ९,६००, स्टँड आणि वाया गेलेले दिवे ३,०००, हार्ड डिस्क ४,५००. टायपिंग पहिल्याच वेळी तीन रकान्यांत करून घेतलं असतं तर त्यातले चोवीसशे वाचले असते.

रिकामा तक्ता आता ठरला आहे : वही, पान, फोटो नंबर, तारीख, लिंग, वर्षं, महिने, दिवस, वय जसं लिहिलंय तसं अक्षरात, नाव आहे की नाही, कारण, शेरा. ‘वय जसं लिहिलंय तसं’ हा रकाना कुणी काढू नका. डिसेंबरची सगळी दुरुस्ती त्याच्या जोरावर झाली.

१९१९ च्या जन्माची वही बाकी आहे. साथीनंतर नऊ-दहा महिन्यांनी, म्हणजे जुलै-ऑगस्टला, जन्म किती घटले ते बघायचं आहे. तिची शिवण पूर्ण सुटली आहे. बाइंडर तिथेच येऊन शिवणार आहे, अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख दिली आहे.